तिथला रेट

“पोरगं न्हाई आलं?” रंगरावमामांनी दारातच विचारलं.

“त्येच्या दुकानात त्यो एकटाच हाय,” नाना पायातल्या चपला काढत म्हणाले. “शेठ सुटी देईना. पन हा आलाय की. दोघं बरोबरच मुलूख सोडून गेल्यात. जे इचारायचं ते ह्याला इचारा.”

हा म्हणजे मी, भानुदास. नाना माझे चुलते. माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले, तेव्हापासून मला आणि माझ्या आईला नानांनीच सांभाळलं. त्यांचा मुलगा जालिंदर माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. आज त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही तांबडेवाडीला आलो होतो, आणि नवरदेव होता दीड हजार किलोमीटरवर, बिहारात, छपऱ्याला.

यात आमच्याकडे कुणालाच वावगं वाटत नसे. आमचा खानापूर-आटपाडीचा भाग, पाऊस नावाला. मिसरूड फुटायच्या आत पोरं गलाईच्या दुकानात जायची. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवायचे, ॲसिडमध्ये उकळायचे आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. देशातल्या कुठल्याही शहरात सराफांच्या मागच्या बोळात गेलात, तर आमच्याकडचं एखादं पोरगं धुरात खोकताना सापडेल. घरी येणं दोन वर्षांतून एकदा. मग सोयरीक कशी जुळवायची? तर पोराच्या बरोबरीचा, त्याच धंद्यातला कुणीतरी सुटीवर आलेला असला की त्याला न्यायचं. मुलीचा बाप त्याला विचारणार, आणि तो सांगेल ते नवरदेवानं सांगितल्यासारखं. आम्ही त्याला साक्षीला बसणं म्हणायचो. त्या दिवशी मी जालिंदरच्या साक्षीला बसलो होतो.

माझ्या खिशात त्याचं आंतर्देशीय पत्र होतं. पत्र म्हणजे सगळ्या सात ओळी. ‘भान्या, रंगरावांची शालन मी विट्याच्या बाजारात बघितली हाय. तिनं मला बघितलं का न्हाई ठावं न्हाई. दुसरीकडं मला करायचं न्हाई. तू सुटीवर हायस, नानांबरोबर जा आन माझ्याकडून दोन शब्द बोल. तू बोललास की झालं.’

जालिंदर असं कधी मागायचा नाही. लहानपणी भाकरीचा मोठा तुकडासुद्धा त्यानं मागून घेतला नव्हता. त्यामुळे ते पत्र मी दोन दिवस खिशातच ठेवलं होतं, आणि काय काय बोलायचं ते वाटेनं मनात घोळवत आलो होतो. खोटं नाही सांगत, चांगलंच बोलायचं होतं मला.

रंगरावमामांच्या भावकीतली चार माणसं आधीच बसली होती, त्यांच्याजवळ घोंगडीवर बसलो. पाणी झालं. पीकपाण्याच्या गोष्टी झाल्या, म्हणजे पीक नाही आणि पाणीही नाही एवढ्या दोनच. मग रंगरावमामा मुद्द्यावर आले. माणूस उभाआडवा, मिशा पिकलेल्या, बोलणं सरळ.

“नाना, येक इचारतो, राग मानू नका. तुमच्या दोन्ही पोरांचा शेठ येकच न्हवं?”

“येकच.”

“काम?”

“कामबी येकच.”

“मग ह्येला नवशे आन त्येला चारशे, आसं कसं?”

त्यांना आकडे कुठून कळले असं नानांनी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. पगार आमच्या हातात कधी येत नसे. शेठचे थोरले बंधू गावाकडे राहायचे. महिन्याच्या पहिल्या बाजाराला ते एकेकाच्या बापाला बोलावून पैसे द्यायचे, आणि तेही ओट्यावर बसून, चारचौघांत. कुणाचं पोरगं कितीचं आहे हे पंचक्रोशीला पाठ होतं. केरळात, त्रिशूरला असलेला भानुदास नऊशेचा आणि छपऱ्याचा जालिंदर चारशेचा.

नानांची मान खाली गेली. “मीबी त्येच इचारतोय वरीसभर. मास्तरांकडनं पत्र लिवून घेतो. त्यो म्हनतो, तितला रेटच तसा हाय.”

“रेट कसला?” रंगरावमामा हसले. “सोन्याचा भाव रेडिओवर सांगत्यात. मुंबईत तेवढाच, कलकत्त्यात तेवढाच, पाचधा रुपये हिकडं तिकडं. मग सोनं गाळणाऱ्या पोराचा भाव दोन गावांत दोन कसा आसंल?”

बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. चुकीचं होतं, पण त्यांच्या परीनं ते बरोबरच होतं. आमच्या शिवारात खुरपायला गेलेल्या सगळ्या बायकांना रोज एकच, विहिरीवर गेलेल्या सगळ्या गड्यांना रोज एकच. त्यात एखाद्याला निम्मा मिळाला तर तो गडी कामचुकार असणार, नाहीतर त्याचा हात खराब असणार. तिसरं कारण आमच्या वाडीनं कधी बघितलंच नव्हतं.

मी बघितलं होतं. त्रिशूरला आमच्या बोळात पेटी उचलणारा हमाल दिवसाला चाळीस रुपयांशिवाय पेटीला हात लावत नसे. शेठनं आम्हाला कमी दिलं असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी बोळ ओलांडून समोरच्या दुकानात गेलो असतो, हे शेठला ठाऊक होतं. छपऱ्यात हमाल दहा रुपयांत दिवसभर राबायचा. तिथं चारशे म्हटलं की लोक म्हणायचे, शेठ देवमाणूस आहे. शेठ पगार ठरवताना आमच्याकडे बघतच नव्हता, दुकान कुठल्या शहरात आहे तेवढं बघत होता. जालिंदर त्रिशूरला असता तर तोही नऊशेचा असता, आणि मी छपऱ्याला असतो तर मीही चारशेचा. एवढंच मला सांगायचं होतं. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, तिला तर एक वाक्य पुरलं असतं. ती पुढे सांगतो. मी तरी ती कुठे वेळेवर सांगितली?

तेवढ्यात शालन चहा घेऊन आली. हिरवं पातळ, कपाळावर घामाचे थेंब, आणि नजर कपबशांवर. आधी नानांना, मग भावकीतल्या माणसांना आणि शेवटी मला. कप माझ्या हातात देताना तिनं एकदाच वर बघितलं आणि ती आतल्या दाराआड जाऊन उभी राहिली. दाराच्या फटीतून हिरव्या पातळाचा काठ दिसत होता.

“तू सांग की रं,” रंगरावमामा माझ्याकडे वळले. “तुजा पगार नवशे कसा झाला? लई हुशार गडी दिसतोयस.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तोवर कुणी हुशार म्हटलं नव्हतं. आमच्या घरात हुशार जालिंदर, गुणी जालिंदर, हिशोबाला जालिंदर, बैलं धरायला जालिंदर. मी आपला त्याच्या मागं मागं. नाना माझ्यात आणि त्याच्यात कधी फरक करत नसत. पण फरक न करण्यासाठी त्यांना प्रयत्न करावा लागतो हे मला कळायचं. आणि आज नाना मान खाली घालून बसले होते आणि सगळी बैठक माझ्या तोंडाकडे बघत होती. दाराआडचं हिरवं पातळही हललं नाही.

माझी छाती फुगली. दुसरं काही कारण नाही. इतकी वर्षं शोधतोय, पण दुसरं सापडत नाही.

“ज्येच्या त्येच्या हातावर आस्तंय, मामा,” मी म्हणालो.

आणि चहा प्यायलो.

परत येताना नाना पुढे आणि मी मागे, असे चाललो होतो. ओढा ओलांडताना ते थांबले. “ल्हानपनी तर त्येचाच हात बरा वाटायचा,” ते म्हणाले. माझ्याशी बोलले की स्वतःशी, कळलं नाही. मी चपलेत गेलेला खडा काढायला वाकलो आणि नाना पुढे निघून जाईपर्यंत वाकूनच राहिलो.

चौथ्या दिवशी रंगरावमामा आमच्या घरी आले. पाणीसुद्धा घ्यायच्या आधी म्हणाले, “नाना, पोरगी तुमच्याच घरात देतो. फकस्त पोरगं बदला.”

नाना बराच वेळ तंबाखू मळत बसले. ती तोंडात टाकायची ते विसरले. मग म्हणाले, “आमच्या घरात येतीया, येवढं बास.” आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान खाली घातली. आमच्याकडे लग्नाच्या गोष्टीत पोरानं मान खाली घातली की तो होकार धरतात. मला ते चांगलं माहीत होतं.

मास्तर तेव्हा परगावी गेले होते, म्हणून जालिंदरला पत्र मीच लिहिलं. नानांनी सांगितलं तसं. ‘भानुदासचं लग्न तांबडेवाडीच्या रंगरावांच्या शालनशी ठरलं हाय. तुला सुटी मिळणार न्हाई, येऊ नगंस. पाव्हणं म्हणालं, ज्येच्या त्येच्या हातावर आस्तंय. भानुदासबी तसंच म्हणाला. तवा तू जरा मन लावून काम कर, हात सुधार.’ ‘भानुदासबी तसंच म्हणाला’ हे नानांनी सांगितल्यावर माझं पेन थांबलं. नाना म्हणाले, “काय झालं?” मी म्हणालो, “शाई वाळलीया.” पेन झटकलं आणि ते वाक्य लिहिलं. एखादा शब्द गाळला असता तरी नानांना कळणार नव्हतं. का गाळला नाही? पत्र लिहिताना तरी खरं लिहावं असं काहीतरी मनात आलं असेल. नको तिथं मला खरेपणा सुचतो.

जालिंदरचं उत्तर आलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी एक्कावन्न रुपयांची मनीऑर्डर आली. तिच्या खालच्या कागदावर निरोपासाठी जागा असते, ती त्यानं कोरी सोडली होती.

हळद फिटली तसा मी त्रिशूरला परत गेलो. शालन नानांच्या घरात राहिली. मधे एकदा सुटीवर आलो, तेव्हा ती रोज गरम पाणी काढून द्यायची, कामाचं, पगाराचं विचारायची. माझ्या नऊशेचा तिला अभिमान होता. बाजाराच्या दिवशी नानांच्या मागोमाग ओट्यापर्यंत जायची, असं आईनं सांगितलं. मी सुखी होतो हे कबूल करायला हवं. माणूस असल्या गोष्टीतही सुखी राहू शकतो.

दोन वर्षांनी एका सकाळी शेठनं मला बोलावलं.

“जालिंदरची छाती बिघडलीय,” शेठ म्हणाले. “छपऱ्याचं दुकान बंद ठेवून चालायचं नाही. तू जा.”

“जातो. पगार?”

“तिथला रेट चारशे.”

“शेठ, मला इथं नऊशे पन्नास हाय. काम त्येच करायचं न्हवं?”

“काम तेच रे. पण तिथं बसून तुला साडेनऊशे कोण देतंय?” शेठनं समोरची वही मिटली. “तिथला रेट तोच आहे.”

चौथ्या दिवशी मी छपऱ्याला पोहोचलो. बोळ इतका अरुंद की सायकल आली तर माणसानं भिंतीला चिकटायचं. दुकान म्हणजे एकच खोली. पुढे भट्टी, मागे ॲसिडचा कोपरा आणि मधे झोपायची चटई. धुराडं शेठ बांधणार बांधणार म्हणत होते, ते बांधलं नव्हतं. छत तांबूस झालं होतं, आणि चटईवर जालिंदर बसला होता. मी त्याला आधी ओळखलं नाही. तो माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा होता, पण त्याच्याकडे बघून मला नानांचीच आठवण झाली.

“आलास?” तो म्हणाला. “भाकरी हाय झाकून. बाजरीचं पीठ मिळत न्हाई हितं, गव्हाचीच हाय.”

जेवलो. हात धुतले आणि कामालाच लागलो. त्याच्याकडे मोठं काम आलेलं होतं. आजूबाजूच्या तीन गावांतले सराफ आता त्याच्याकडेच सोनं पाठवायचे. दोन माणसांचं काम तो दोन वर्षं एकटा करत होता. हात सुधारत होता. पगार चारशेचा चारशे चाळीस झाला होता. मी ॲसिडचं भांडं उतरवून वरचं पाणी ओतायला घेतलं.

“थांब,” तो चटईवरूनच म्हणाला. “सोन्याचा गाळ बसला न्हाई आजून. घाई करू नगंस, सोनं जाईल.”

मी थांबलो. त्याची नजर तिथून इथवर पोहोचली होती, माझी भांड्याशी बसून पोहोचली नव्हती.

तसे चार-पाच दिवस गेले. शालनबद्दल त्यानं एकदाच विचारलं. “ती बरी हाय न्हवं?” मी म्हणालो, “हाय.” मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

सहाव्या दिवशी मी त्याला पेज पाजत होतो. दोन घोट घेतल्यावर त्यानं हातानंच थांबवलं.

“भान्या, शेठनं तुजा पगार किती ठरीवला हितं?”

मी वाटीकडे बघत म्हणालो, “चारशे.”

तो हसायला लागला. इतका हसला की खोकल्याची उबळ आली, मी पाठ चोळत राहिलो. उबळ थांबल्यावर त्यानं डोळे पुसले आणि अगदी सरळ आवाजात विचारलं,

“म्हंजी तुजाबी हात बिघडला व्हय रं?”

त्यानं मला शिवी दिली असती, कानफटात मारली असती तरी मी ते सोसलं असतं. मी वाटी पुन्हा त्याच्या तोंडाशी नेली. त्यानं ती बाजूला सारली.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “जे झालं ते झालं. तिला काय बोलू नगंस. फकस्त नानास्नी येवढं सांग. तितला रेटच तसा हुता म्हनावं. मी काम चुकवलं न्हाई.”

“तूच सांग की चलून. तिकीट काढतो.”

“काढ,” तो म्हणाला.

तिकीट पुढच्या सोमवारचं मिळालं. जालिंदर शनिवारी सकाळी गेला. बोळातले सराफ आले, दोघा-तिघांनी खांदा दिला. ते बाजूला बोलत होते, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, पाच वर्षांत गुंजभर सोनं कमी आलं नाही. ते हिंदीत बोलत होते. नाना तिथं असते तर मी ते त्यांना मराठीत सांगितलं असतं का, हेही मला आता खात्रीनं सांगता येत नाही. नदीकाठी त्याला अग्नी दिला आणि सोमवारच्या तिकिटावर मी त्याच्या अस्थी घेऊन घरी आलो.

तेरावा झाला. पाव्हणे पांगले. सोप्यात नाना आणि मी दोघेच राहिलो. नाना भिंतीला टेकले होते. एवढ्या दिवसांत ते रडले नव्हते, रडता येत नसल्यासारखे कोरडे बसून असायचे.

“पोरगं वाईट न्हवतं,” ते म्हणाले. “हातच न्हवता त्येला. त्येला त्यो तरी काय करनार?”

तेव्हा माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. फार उशिरा निघालं.

“नाना, त्येचा हात माज्याहून चांगला हुता.”

नानांनी मान वळवली.

“छपऱ्याला मलाबी चारशेच देत्यात,” मी म्हणालो. “जालिंदरला म्हणून न्हाई, तितं सगळ्यांनाच तसं. त्रिशूरला शेठला जास्ती द्यावंच लागतंय, न्हाईतर पोरं टिकत न्हाईत. हाताचा काय संबंध न्हाई त्यात.”

“मग त्येला तिकडं का धाडला? चांगला हुता म्हणतूस, तर जास्तीच्या गावाला ठेवायचा.”

हीच ती एका वाक्याची गोष्ट. आम्ही दोघं त्रिशूरला लागून सहा महिने झाले होते. मी एकदा गाळ बसायच्या आधीच भांड्यातलं पाणी गटारात ओतलं. चार तोळे सोनं गेलं. जालिंदरनं दिवसभर गुडघाभर चिखलात बसून गटारातली माती उपसली, धुतली आणि त्यातलं पावणेचार तोळे परत काढलं. शेठनं सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी ते जालिंदरला म्हणाले, लांबचं दुकान एकट्यावर सोपवायचं तर तुझ्यासारखाच पाहिजे. भानुदास माझ्या नजरेखाली राहू दे.

“त्यो चांगला हुता म्हणूनच धाडला, नाना,” मी म्हणालो. “मी वाईट हुतो म्हणून मला जवळ ठेवला.”

नानांचा हात जमिनीवर काहीतरी शोधत असल्यासारखा फिरत होता. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, “मग त्या दिवशी तांबडेवाडीत का बोलला न्हाईस?”

मी वर बघितलं. शालन दोन कप घेऊन आतल्या दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

“त्या दिवशी तुमी गेल्यावर बापानं मला इचारलं हुतं,” ती म्हणाली. नानांकडे बघून बोलत होती, माझ्याकडे नाही. “आमच्यात पोरीला कोन इचारत न्हाई, पन त्येनं इचारलं. मी म्हनले, मी दाराआडनं ऐकलंय. ज्येचा हात चांगला, त्येलाच द्या मला.”

एक कप तिनं नानांसमोर ठेवला. दुसरा घेऊन ती तशीच आत गेली.

त्यानंतर नाना रडले. मी उठून त्यांच्याजवळ जाऊ शकलो नाही.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. शालननं माझा संसार केला, दोन मुलं वाढवली, नानांचं शेवटचं दुखणं काढलं. माझ्या जेवणाखाण्यात तिनं कधी कमी केलं नाही. मी पुढे छपरा सोडलं, नांदेडला राहिलो, मग राजकोट, मग कोइमतूर. कुठं कमी मिळालं, कुठं जास्त. घरी आलो की मी आपण होऊनच सांगायचो, यंदा इतके झाले. ती हातातलं काम करत राहायची. मला पगार किती, हे तिनं त्या दिवसापासून एकदाही विचारलं नाही.